सुनेची मुलाखत

पूर्वी घरची सून माहेरी जावयास निघाली, म्हणजे सासूबाई उंबऱ्याशी येऊन एकच प्रश्न विचारीत, ‘परत केव्हा येणार?’ त्या प्रश्नात माया किती आणि अधिकार किती, हे ज्या त्या घराच्या रीतीवर अवलंबून असे. आता काळ असा आला आहे की, सून सासरी जावयास निघाली तरी तिला हाच प्रश्न विचारला जातो. फरक एवढाच की, तो सासूबाई विचारीत नाहीत. मुंबईस वांद्र्याच्या अमेरिकन वकिलातीत काचेच्या खिडकीपलीकडे बसलेला अधिकारी विचारतो, आणि तिच्या उत्तरावर तिने जावयाचे की नाही हे ठरते.

या सदरात आपण आजवर घरखर्च, आजारपणे, मुलांचे शिक्षण अशा घरगुती विषयांवरच बोलत आलो. व्हिसाचा विषय त्यांत बसतो कसा, असे काही भगिनींस वाटेल. परंतु परदेशी एखादा मुलगा, सून किंवा नातू नाही असे आपल्यातील घर आता क्वचितच सापडेल. शिवाय गेल्या वर्षी आमच्या घरी जे घडले त्यावरून माझी खात्री झाली आहे की, ही मुलाखत खिडकीशी होत असली तरी तिची खरी तयारी माजघरातच व्हावी लागते. म्हणून हा अनुभव सविस्तर सांगते.

आमचे थोरले दीर आज हयात नाहीत. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, तीस वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत न्यू जर्सी संस्थानातील एडिसन या गावी आहे. त्याचा मुलगा तेथेच जन्मला. अर्थात तो जन्माने अमेरिकन नागरिक. हा मुलगा २०२१ साली नोकरीच्या निमित्ताने पुण्यास आला, आमच्याच वाड्याच्या जागी झालेल्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहू लागला, आणि पुण्याच्या हवेला व आमच्या आमटीला असा सरावला की, परत जाण्याचे नाव घेईना. आपल्या सरकारने २००५ साली सुरू केलेल्या योजनेप्रमाणे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या हिंदी वंशाच्या लोकांस जे कार्ड मिळते ते त्याच्यापाशी आहे, त्यामुळे येथे राहावयास त्यास अडचण नाही. २०२४ साली त्याचे लग्न झाले. मुलगी साताऱ्याची. येथील एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि त्याच विषयात संशोधनही करते.

लग्नास पुतण्या व त्याची बायको आली होती, परंतु आमच्या थोरल्या जाऊबाईंस येता आले नाही. वय शहाऐंशी, पायांत बळ नाही. त्यांनी नातवाचे लग्न एडिसनमध्ये पलंगावर बसून मोबाइलच्या पडद्यावर पाहिले. अक्षता टाकावयाच्या वेळी त्यांनी आपल्या पांघरुणावरच चार दाणे टाकले, हे मला मागाहून कळले. तेव्हापासून त्यांचा एकच धोशा होता, ‘नातसून एकदा घरी येऊ द्या. तिच्या हातचा घोटभर चहा घेते, मग काय व्हायचे ते होवो.’ तेव्हा मे महिन्याच्या सुट्टीत दोघांनी चार आठवडे जाऊन यावे असे ठरले.

नातवास काय, पासपोर्ट घेऊन विमानात बसावयाचे. प्रश्न नातसुनेचा. जिने आमच्या घरचे माप ओलांडले, जी आमच्या देव्हाऱ्यातील फुले रोज बदलते, ती अमेरिकेच्या कागदावर ‘नागरिकाची परदेशी पत्नी’. सासूसासऱ्यांच्या घरी चार आठवडे जाण्यासाठी तिला भेटीचा व्हिसा मागावयाचा होता.

येथे एका गैरसमजाचा उलगडा केला पाहिजे. नवरा अमेरिकन नागरिक असला म्हणजे बायकोस व्हिसा मागताच मिळतो, अशी आपल्याकडे पुष्कळांची समजूत आहे. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. आमच्या घरातील ‘हे’ पस्तीस वर्षे वकिली केलेले. त्यांनी मला ते त्यांच्या भाषेत समजावून दिले. ते म्हणाले, “फौजदारी कोर्टात आरोपी निर्दोष आहे असे धरून चालतात आणि गुन्हा सिद्ध करण्याचे ओझे सरकारवर असते. येथे उलटे आहे. अमेरिकेचा १९५२ सालचा जो कायदा आहे, त्याच्या २१४ व्या कलमातील ‘ब’ पोटकलमाप्रमाणे भेटीस येऊ म्हणणारा प्रत्येक मनुष्य कायमचा राहावयासच येत आहे असे अधिकाऱ्याने धरून चालावयाचे असते. तसे नाही, हे पटविण्याचे ओझे अर्जदारावर.”

कायदा कठोर वाटतो खरा. १८८३ साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून आगबोटीने अमेरिकेस गेल्या तेव्हा त्यांस असा व्हिसा मागावा लागला नाही. ती पद्धत पहिल्या महायुद्धाच्या काळात रूढ झाली. १९१७ सालच्या कायद्याने तर हिंदुस्थानातून तेथे वसावयास जाण्याची वाटच बंद झाली. ती १९४६ साली वर्षास सुमारे शंभर माणसांपुरती किलकिली झाली, आणि १९६५ च्या कायद्यानंतर खऱ्या अर्थाने उघडली. आपली मंडळी तेथे मोठ्या संख्येने गेली ती त्यानंतर. तेव्हा दार कोणास किती उघडावयाचे, हा तेथील राज्यकर्त्यांचा जुना विचार आहे. आपल्या सुनेवर कोणी खास राग धरलेला नाही, हे आधी मनात पक्के करावे.

आता नागरिकाच्या पत्नीबद्दल अधिक संशय का, तेही पाहा. नागरिकाच्या पत्नीस तेथे कायमचे राहावयाचे असेल तर तिच्यासाठी निराळी, राजरोस वाट आहे. पतीने तिच्या वतीने सरकारकडे अर्ज करावयाचा. या नात्यास वर्षाची संख्यामर्यादा नाही, परंतु चौकशीस पुष्कळ काळ लागतो. म्हणून काही जोडपी अशी युक्ती करतात की, भेटीच्या व्हिसावर आत जावयाचे आणि तेथे पोहोचल्यावर कायमचे राहण्याचा अर्ज द्यावयाचा. अधिकाऱ्यास नेमकी ही शंका असते. पुढच्या दाराने जाण्याचा हक्क असलेली बाई घाई म्हणून बाजूच्या दाराने तर जात नाही ना? तिला भेटीचा व्हिसा मिळू नये असा नियम नाही. मात्र तिला इतरांपेक्षा अधिक पटवून द्यावे लागते.

ही बातमी आप्तेष्टांत पसरताच सल्ल्यांचा पाऊस पडू लागला. एका विहीणबाईंनी सांगितले, “नवरा अमेरिकन आहे हे बोलूच नकोस, मैत्रिणीकडे चालले आहे म्हण.” शेजारच्या एका गृहस्थांनी सुचविले की, अर्जात सासूसासऱ्यांचा पत्ता न देता एखाद्या हॉटेलाचा द्यावा. आणखी कोणी म्हणाले, मंगळसूत्र काढून जा. तर दुसऱ्या बाई म्हणाल्या, चांगले ठसठशीत घालून जा. सल्ला देणारांत द्वेष कोणाचाच नव्हता; पण त्यांपैकी एकासही खिडकीशी उभे राहावयाचे नव्हते.

या बाबतीत मी मुद्दाम खुलासा करते, कारण आमच्या ओळखीच्या एका घराने असाच सल्ला ऐकून कायमचे दुःख ओढवून घेतले. तेथे अर्ज भरून देणाऱ्या मध्यस्थाने पतीचे राष्ट्रीयत्व ‘भारतीय’ असे लिहिले, आणि पत्नीसाठी कायमच्या वास्तव्याचा अर्ज पूर्वीच झालेला असताना त्या प्रश्नापुढे ‘नाही’ असे उत्तर टाकले. तो पूर्वीचा अर्ज त्याच सरकारच्या दप्तरात होता. महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगितली असे एकदा ठरले, म्हणजे त्या कायद्याप्रमाणे त्या मनुष्यास तेथील दार जन्मभर बंद होऊ शकते. सूट मागण्याची तरतूद आहे, पण ती मोठी दुर्घट. जी बाई राजरोस वाटेने दोन वर्षांत नवऱ्याकडे गेली असती, ती आज येथे आणि नवरा तेथे, असा संसार चालला आहे. अर्ज मध्यस्थाने भरला तरी खाली सही आपली असते आणि आत लिहिलेला शब्दही आपलाच धरला जातो. म्हणून अर्ज दुसऱ्याकडून भरून घेतला तरी त्यातील अक्षरन् अक्षर वाचल्यावाचून पुढे जाऊ देऊ नये.

आमच्या नातसुनेचा अर्ज नातवाने व तिने मिळून भरला. त्याचे नाव डीएस-१६०, आणि तो संगणकावरच भरावयाचा असतो. त्यात पतीचे राष्ट्रीयत्व, तेथील नातलग, कोणाकडे उतरणार, नोकरी, शिक्षण, पूर्वीचे प्रवास, समाजमाध्यमांवरील नावे असे नाना प्रश्न असतात. फी आमच्या वेळी १८५ डॉलर पडली. व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. मुलाखतीची तारीख मिळावयासच कित्येक महिने लागले.

मग घरात तयारीस आरंभ झाला. नातवाने तीन बोटे जाडीची फाइल जमविली: लग्नाचा दाखला, महाविद्यालयाचे पत्र, बँकेच्या ठेवी, तिच्या वडिलांचा साताऱ्याकडील शेतजमिनीचा सातबारा, इतकेच काय, आमच्या इमारतीच्या करारपत्राची नक्कलसुद्धा. कोठून तरी त्याने वीस प्रश्नोत्तरे लिहून आणली आणि ती तिच्याकडून पाठ करून घेतली. एका संध्याकाळी ‘हे’ झोपाळ्यावर अधिकारी होऊन बसले. वर्तमानपत्राची त्यांनी खिडकी केली. नातसून समोर उभी राहिली. नाव, गाव, नोकरी, सगळे सुरळीत झाले. “माझे भारताशी दृढ संबंध आहेत,” हे वाक्यही तिने न अडखळता म्हटले. तेव्हा यांनी वर्तमानपत्र खाली केले आणि साध्या मराठीत विचारले, “मुली, परत केव्हा येणार?”

तिने तोंड उघडले, मिटले, आणि नवऱ्याकडे पाहिले.

कोणास ते फारसे जाणवले नसेल. नातू म्हणाला, “अगं, आठ जून म्हणायचे! लिहून दिले आहे ना?” तिने लगेच ‘आठ जून’ म्हटले आणि सगळे हसले. पण सुनांच्या अशा क्षणभराच्या गप्प बसण्याचा अर्थ ओळखण्यात माझा जन्म गेला आहे.

रात्री स्वयंपाकघरात ती मेथी निवडत बसली होती. मी जवळ बसून जुडी हाती घेतली आणि म्हटले, “अगं, एवढ्या साध्या प्रश्नाला अडलीस का?”

थोडा वेळ ती देठ खुडत राहिली. मग म्हणाली, “आजी, तारीख मला पाठ आहे. ती खरी आहे की नाही, तेच मला माहीत नाही.”

“म्हणजे?”

“परवा फोनवर आई म्हणाल्या, ‘एकदा इकडे या तर खऱ्या, मग कोण परत जाऊ देतंय ते पाहू.’ हे नुसते हसले. लग्न ठरताना आम्ही पुण्यातच राहायचे म्हणून बोललो होतो. त्यानंतर तो विषय निघालाच नाही. मी काढला तर सगळ्यांना वाटेल, सून आल्या आल्या मुलाला आईबापांपासून तोडते. आणि नाही काढला, तर त्या खिडकीशी उभी राहून मी सांगू काय?”

मला उत्तर सुचेना. वाचकभगिनींनो, आपल्या घरांत सुनेची चौकशी पुष्कळ होते. तिच्या प्रकृतीची होते, पगाराची होते, आताशा तिच्या आवडीनिवडीचीही होते. पण ‘पुढे कोठे राहावयाचे, तुझा स्वतःचा बेत काय?’ असे तिला विचारण्याची पद्धत नाही. तो बेत मुलाचा असतो, किंवा सासूसासऱ्यांचा असतो, आणि सून त्यात आहेच असे धरून चालतात. मी या घरात आले त्यास पंचावन्न वर्षे झाली. मला कोणी विचारले नव्हते. आणि मला कोणी विचारले नाही म्हणून मीही पुढे कोणास विचारले नाही. सातासमुद्रांपलीकडच्या सरकारने मात्र कायदा करून ठेवला आहे की, या बाईचा बेत या बाईलाच विचारावा. त्या कायद्याचा हेतू काही आपल्या सुनांचा मान राखण्याचा नव्हे. पण त्या रात्री त्याने मला खाली मान घालावयास लावली, एवढे खरे.

पुढच्या रविवारी संध्याकाळी, म्हणजे एडिसनच्या सकाळी, फोन लावला. पडद्यावर पुतण्या, त्याची बायको आणि मागे पलंगावर जाऊबाई. इकडे आम्ही दोघे आणि ती दोघे. यांनी प्रस्ताव मांडला तो असा: “मुलाखतीत ही काय सांगणार ते ठरवायचे नाही. खरे काय आहे ते आधी ठरवायचे. मग सांगणे आपोआप ठरेल.” आणि नातवाकडे वळून म्हणाले, “उत्तर मला नको, सरकारला नको. बायकोला दे.”

नातू बराच वेळ बोलला नाही. अखेर त्याने कबूल केले की, आईचे मन मोडू नये म्हणून तो तिकडे हसत होता आणि बायकोचे मन मोडू नये म्हणून इकडे गप्प बसत होता. मग त्याने आपला बेत सांगितला. त्याचे काम पुण्यात आहे, तिचे संशोधन पुरे व्हावयास अजून तीन वर्षे आहेत, तोवर दोघे येथेच राहतील. पुढे आईबापांच्या वयोमानाने तिकडे राहणे प्राप्त झाले, तर तो तिच्यासाठी रीतसर अर्ज करील आणि दोघे पुढच्या दाराने येतील. बोलून झाल्यावर त्याने बायकोस विचारले, “तुला काय वाटते?” ती म्हणाली, “मला हेच ऐकायचे होते.”

पडद्यावर पुतण्याची बायको गप्प होती. तिला लागले, हे दिसत होते. थोड्या वेळाने ती मला म्हणाली, “काकू, मी इथे आल्यापासून सासूबाईंना सांगत आले, ‘पुढच्या वर्षी परत जाऊ.’ खोटे नव्हते ते, पण खरेही झाले नाही. शेवटी त्याच इथे येऊन राहिल्या. या दोघांनी तरी जे आहे ते बोलून दाखवले.” मागून जाऊबाईंचा आवाज आला, “अगं, पण चार आठवडे तर येते आहे ना? मग झाले तर!”

त्या दिवसानंतर पाठांतर बंद झाले. तयारी राहिली ती एवढीच, आणि ती कोणत्याही घरास उपयोगी पडेल म्हणून येथे देते.

पहिली गोष्ट, सुनेस आपल्या अर्जात काय लिहिले आहे ते पूर्ण ठाऊक असावे. पती कोठे नोकरी करतो, सासरे काय करतात, ते तेथील नागरिक आहेत की नाहीत, घराचा पत्ता काय, प्रवासाचा खर्च कोण करणार, या गोष्टी तिने कागद न पाहता सांगता आल्या पाहिजेत. त्या पाठ करून नव्हे, घरच्या माणसांविषयी बोलावे तशा.

दुसरी, विचारले तेवढेच आणि थोडक्यात सांगावे. मुलाखत बहुधा दोनतीन मिनिटांची असते. इंग्रजीत संकोच वाटत असेल तर मुंबईस मराठीतूनही बोलता येते. मोडक्या इंग्रजीपेक्षा स्वच्छ मराठी केव्हाही बरी.

तिसरी, कागद न्यावेत, पण त्यांवर भिस्त ठेवू नये. अधिकारी पुष्कळदा एकही कागद पाहत नाही. तेथील नातलगांचे निमंत्रणपत्र या व्हिसास आवश्यक नसते. आमची फाइल तीन बोटांवरून एका बोटावर आली. पतीच्या पुण्यातील नोकरीचे व येथील वास्तव्याचे कागद आणि महाविद्यालयाचे रजेचे पत्र मात्र ठेवले, कारण नागरिक असलेला पती भारतात राहतो हीच या प्रकरणातील मुख्य गोष्ट होती.

चौथी, कायमच्या वास्तव्याचा अर्ज कधी झाला असेल, पूर्वी व्हिसा नाकारला गेला असेल, तर ते न विचारता पुराण सांगू नये आणि विचारल्यावर लपवू नये.

पाचवी, व्हिसा हाती येण्यापूर्वी परत न होणारी तिकिटे काढू नयेत.

फाल्गुनात दोघे मुंबईस गेली. पहिल्या दिवशी निराळ्या केंद्रात तिच्या दहाही बोटांचे ठसे व छायाचित्र घेतले. दुसऱ्या दिवशी वकिलात. आत मोबाइल नेता येत नाही आणि पतीस सोबत सोडीत नाहीत. नातू रस्त्यापलीकडे झाडाच्या सावलीत उभा राहिला. तिने मागाहून सांगितले की, रांगेत तिच्या पुढच्या मुलीच्या ओठांची सारखी हालचाल चालली होती. बिचारी उत्तरे घोकीत होती.

खिडकीशी अधिकाऱ्याने विचारले, कोणाकडे चाललात? तिने सांगितले, सासूसासऱ्यांकडे आणि आजेसासूबाईंकडे. त्या शहाऐंशी वर्षांच्या आहेत, लग्नास येऊ शकल्या नाहीत. पती कोठे असतात? पुण्यात, ते अमेरिकन नागरिक आहेत, चार वर्षे येथे नोकरी करतात. मग ज्याची अपेक्षा होती तो प्रश्न आला: पती नागरिक असताना कायमचे राहण्यासाठी अर्ज का केला नाही? ती म्हणाली, “आमच्या दोघांचेही काम सध्या पुण्यात आहे. पुढे तिकडे राहायचे ठरले, तर तो अर्ज करून येऊ.” काम काय, असे विचारल्यावर तिने सांगितले की, सह्याद्रीच्या सड्यांवर, साताऱ्याजवळच्या कासच्या पठारासारख्या जागी, पावसाळ्यापुरत्या ज्या वनस्पती उगवतात त्यांचा ती अभ्यास करते. त्याने विचारले, मग परत केव्हा येणार? ती हसून म्हणाली, “आठ जूनला. पाऊस माझ्यासाठी थांबत नाही.”

त्याने पासपोर्ट ठेवून घेतला, म्हणजे व्हिसा मंजूर झाला. फाइलीची दोरीही सोडावी लागली नाही.

मात्र यावरून खरे बोलणारास व्हिसा मिळतोच, असा अर्थ कोणी काढू नये. खरे बोलूनही नकार मिळालेली माणसे मला ठाऊक आहेत. अधिकाऱ्यापुढे मिनिटे थोडी आणि माणसे पुष्कळ. या कलमाखालील नकारावर अपील नाही. परंतु नवा अर्ज केव्हाही करता येतो, आणि परिस्थितीत काही बदल झाला असेल तर तो करण्यात अर्थ असतो. नकार मिळाला म्हणजे घराण्यास बट्टा लागला असे मानून सुनेस बोल लावू नये. ती एकटी त्या खिडकीशी उभी राहिली होती, हे विसरू नये. खोट्याने मिळालेला व्हिसा मात्र प्रत्येक प्रवासात पुन्हा उघडकीस येण्याची धास्ती घेऊन येतो. आणि खऱ्याने मिळालेल्या नकारात दुसऱ्या वेळची वाट तरी मोकळी राहते.

आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. व्हिसा दहा वर्षांचा मिळाला तरी एका खेपेस दहा वर्षे राहता येत नाही. विमानतळावर उतरल्यावर तेथील अधिकारी राहण्याची मुदत ठरवून देतो, ती बहुधा सहा महिने असते. आणि तोही ‘किती दिवस राहणार?’ हा प्रश्न विचारू शकतो. वकिलातीत एक आणि विमानतळावर दुसरे, असे उत्तर असू नये. आमच्या नातसुनेस ती चिंता नव्हती. खरे उत्तर कितीही वेळा विचारले तरी एकच राहते.

मे महिन्यात दोघे जाऊन आली. जाऊबाईंनी पहिल्या दिवशी तिच्या हातचा चहा घेतला, आणि साखर कमी म्हणून नावही ठेवले, असे पत्रात नव्हे, पडद्यावर मला स्वतःच सांगितले. पुतण्याच्या बायकोने एकदाही ‘राहा’ म्हटले नाही. निघण्याच्या आदल्या रात्री जाऊबाई तिला म्हणाल्या, “तू जाणार हे पहिल्यापासून ठाऊक होते, म्हणून बरे झाले. मी एकही दिवस उद्यावर टाकला नाही.”

आठ जूनला नातसून घरी आली. उंबऱ्याशी मी तिच्यावरून तुकडा ओवाळून टाकला. दुसऱ्याच आठवड्यात पाऊस लागला आणि ती पिशवी खांद्यास लावून कासला निघाली. सवयीने माझ्या ओठांवर तो जुना प्रश्न आला, ‘परत केव्हा येणार?’ मग मी क्षणभर थांबले आणि म्हटले, “काय बेत आहे तुझा?”

“दोन दिवसांनी येते, आजी,” असे म्हणून ती जिना उतरली.